कानातले डोळे

गिलांग, तो मोबाइल आधी पालथा ठेव. गस्तीला आपण चोरावर नजर ठेवायला बसतो, आणि तुझं उजळलेलं तोंड चोराला पार नदीपलीकडून दिसतंय. तेगुह, कॉफी ओत. साखर मला कमी, डॉक्टरने बजावलंय. सोयाबीनचं तळलेलं तेंपे मात्र इकडे सरकव, त्याबद्दल तो काही बोललेला नाही.

काय म्हणालात? गोष्ट?

आज गुरुवार. म्हणजे दिवस मावळला तेव्हाच शुक्रवार लागला, आणि तोही क्लिवोनचा, भुतांच्या वाराचा. वर सुरो महिना. याहून वाईट रात्र कॅलेंडरात नाही, म्हणून तुम्हाला आजच भूत हवं. आपल्याकडे दिवस संध्याकाळी सुरू होतो. मी चारिक, म्हणजे गावचा कारकून, म्हणून ज्या कचेरीत जन्म घालवला तिथे तो सकाळी दहालाही सुरू होत नसे, ते सोडा.

"म्बाह चारिक, सांगा, पण खरी सांगा," गिलांग म्हणतो. "मागच्या खेपेची तुमची हडळ तर केळीच्या झाडावर मोबाइल चार्ज करत होती."

ती मी तुझ्या वयाकडे बघून सांगितली होती. ही खरी आहे. यात मी भूत पाहिलेलं नाही. मी वारसितोला पाहिलंय.

"कोण, गोंगवाले वारसितो?" तेगुह विचारतो. "ते तर ठणठणीत आहेत. परवा माझ्याच टपरीवर दोन वाट्या भात जेवून गेले."

हो, ठणठणीत आहे. मध्ये बोलू नकोस.

थांबा, कोण आलं? ...शेवयांची गाडी. "मोंग्गो," म्हणतोय. म्हणा की तुम्हीही. हां. बघा, रस्त्याने जाणाऱ्याने बसलेल्यांना मोंग्गो म्हणायचं, बसलेल्यांनी उलट मोंग्गो म्हणायचं. या, बसा, घ्या, जा, चला, सगळी कामं आपण एका शब्दात उरकतो. सोय आहे. पण सोयीच्या शब्दाची एक अडचण असते. तो कोणी ऐकला आणि त्याचा कोणता अर्थ घेतला, हे आपल्या हातात राहत नाही.

तर तीन वर्षांमागची गोष्ट. हाच महिना, हीच रात्र. आपल्या वाद्यमंडळाचा मोठा गोंग तडकला होता आणि गावजत्रेचा बाहुल्यांचा खेळ तोंडावर आला होता. मोठ्या गोंगाशिवाय खेळ म्हणजे पूर्णविरामाशिवाय अर्ज. वाचणाऱ्याला कळत नाही, कुठे थांबायचं. वारसितोला कुठून तरी कळलं की डोंगरापलीकडच्या गावात क्याई सोमो वारले आणि त्यांची सून घरातला जुना गोंग विकायला काढतेय.

क्याई सोमो तुम्हाला ठाऊक नसणार. जन्मांध. चार जिल्ह्यांत त्यांच्यासारखा गोंग वाजवणारा नव्हता. लहानपणी आम्ही पोरं खेळ बघायला जायचो, तर पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघायचो. का, ते पुढे सांगतो.

वारसितोने कोंबड्यावाल्याचा टेम्पो घेतला आणि दिवस मावळता मावळता तिकडे पोचला. सून दारातच उभी होती. तुगिनेम नाव तिचं. कंबर बांधलेली, घाईत. घरातलं सामान अंगणात आलेलं. म्हाताऱ्याला जाऊन चाळीस दिवससुद्धा झाले नव्हते. चाळिसाव्याचा भात व्हायच्या आत घरातली वस्तू हलवू नये, गेलेला माणूस तोवर घरातच असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. पण सुनेला शहरातल्या मुलाकडे जायचं होतं.

"क्याई मागच्या खोलीत आहेत," ती म्हणाली. "घेऊन जा एकदाचे."

"तुम्ही येता का जरा धरायला?"

"मी? आयुष्यभर धरलंय मी. आता तुम्ही धरा."

आता बघा हं. आपल्याकडे पदव्या वाटायला कंजूषपणा नाही. म्हातारा गुरू तो क्याई, जुना खंजीर तो क्याई, जुना गोंगही क्याई. या गोंगाचं नाव क्याई ग्लुदुग, म्हणजे गडगडाट महाराज. मी इतकी वर्षं नोकरी केली, मला कुणी क्याई म्हटलं नाही.

खोलीत अंधार होता. लाकडी चौकटीत गोंग टांगलेला, वर पांढरं कापड. शेजारी चटई अंथरलेली. उशी. उशीला मध्ये खळगा. वारसितो रीतीचा माणूस. वस्तू उचलायच्या आधी तो खाली बसला, हात जोडले, मान लववली आणि अदबीने म्हणाला, "मोंग्गो, क्याई. चला आमच्या घरी."

गोंग जरासा गुणगुणला. जुने गोंग गुणगुणतात. वारसितोला बरं वाटलं. परवानगी मिळाली.

परत येताना तो मागे गोंगाला मिठी मारून बसला होता. बांबूच्या बनाजवळ ती मोरी आहे ना, मोडकी? तिथे टेम्पो आदळला. गोंग कडेच्या पत्र्यावर आपटला आणि वारसितोच्या कानापाशीच वाजला. पोटातून, लांबलचक.

आणि रस्ता हलला.

टेम्पो नव्हे. रस्ता. झाडं, दूरचे दिवे, वरचं आभाळ, सगळं वर उडालं, खाली आलं, पुन्हा वर. गोंगाचा घुमारा विरेपर्यंत जग थरथरत राहिलं. त्याला वाटलं, भूकंप. त्याने टेम्पोवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, "कुठला भूकंप? मीच आपटलो खड्ड्यात. झोपला होतास काय?"

त्या दिवसापासून सुरू झालं.

मोठा आवाज झाला की डोळ्यांपुढचं हलायचं. मशिदीचा भोंगा, मोटरसायकल, बायकोचा आवाज. सुमिराह म्हणायची, "बरंय की. एवढी वर्षं मी ओरडले तरी तुमच्यावर काही परिणाम दिसत नव्हता." पण हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही. पुढे पुढे चालतानाही हलायला लागलं. पाऊल टाकलं की पाटीवरची अक्षरं उड्या मारायची, माणसाला चार नाकं दिसायची. मोटरसायकल सुटली. बांधावरून चालणं सुटलं. जत्रेच्या रात्री त्याने गोंगावर पहिला ठोका मारला आणि पडदा, दिवा, बाहुल्या, सगळं एकदम उसळलं. तो मंचावरून वाद्यांवर कोसळला. लोक म्हणाले, प्यायलाय.

त्याच महिन्यात त्याला नात झाली. त्याने तिला उचलून घेतलं, दोन पावलं चालला, आणि परत मुलीच्या हातात दिलं. मला मोठा भाऊ मानून कांग म्हणतो तो. म्हणाला, "कांग, मला तिचं तोंडच दिसत नाही. पाण्यात पडल्यासारखं हलतंय. सगळे म्हणतात, माझ्यावर गेलीय."

मी म्हणालो, "मग नाही दिसलं तेच बरं." तो हसला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा दिला. आता तेच हलणारं जग स्पष्ट दिसायला लागलं. दुसरा म्हणाला, डोळे उत्तम आहेत, ताण घेऊ नका. तिसऱ्याने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मग तो गेला मांत्रिकाकडे. तो म्हणाला, गोंग रागावलाय, त्याला ओलांडलंत काय? मग दर गुरुवारी गोंगाला फुलं, धूप, लाल-पांढरी खीर. सुमिराह म्हणाली, "सवतीलासुद्धा एवढं कुणी करत नाही."

कशाने काही झालं नाही.

उलट नवंच सुरू झालं. त्याला स्वतःच्या आतलं ऐकू यायला लागलं. टाच जमिनीवर पडली की डोक्यात ढोल. पापड चावला की दगडफोड. आणि रात्री, सगळं शांत झालं की... सर्र. सुकी चामडी दगडावर ओढावी तसं. सर्र... सर्र... झोप गेली. एका पहाटे सुमिराह उठली, तर तो गोंग घासायची कानस हातात घेऊन बसलेला. टोक डोळ्यापाशी.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर जग हललं असतं, हात हलला असता. तिने हळूच मनगट धरलं.

सकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "कांग, कानशी सगळ्या विहिरीत टाकल्या. पण घरात सुऱ्या आहेत, विळे आहेत, काय काय टाकू? त्यांना कुठे तरी न्या. काय झालंय ते नुसतं कळलं तरी पुरे. बरं नाही झालं तरी चालेल. नुसतं नाव कळू दे."

मी त्याला योग्याकार्ताला घेऊन गेलो. मोठं इस्पितळ, तिसऱ्या मजल्यावर एक तरुण डॉक्टरीण, रतिह नावाची. एवढीशी पोरगी. मला वाटलं, हिचे वडील आत असतील. तिने डोळ्यांकडे पाहिलंच नाही. विचारलं, "आवाजाने जग हलतं, की हलताना आवाज होतो?"

"आवाजाने."

"कोणत्या?"

"मी गोंग सुरात लावतो, बाई. मला सगळेच आवाज लागतात."

तिने स्वर तपासायचा लोखंडी चिमटा टेबलावर आपटला आणि त्याचा दांडा वारसितोच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. घोट्याच्या. "कुठे ऐकू येतंय?"

वारसितोने उजव्या कानावर हात ठेवला. मी म्हणालो, झालं, हाही वेडा, तीही वेडी. पण तिचा चेहरा फुलला. ती दारातून बाजूच्या डॉक्टरला हाक मारून आली, "अहो, या लवकर, याला घोटा ऐकू येतोय!"

मग फोटो काढले. कानाच्या आत तोल सांभाळणारी एक नळी असते. तिच्यावरचं हाड कागदासारखं पातळ होतं, त्याला भोक पडलेलं. "आवाज चुकीच्या दारातून आत शिरतो," ती म्हणाली, "तोल ढकलतो, तोल डोळ्यांना ओढतो. जग हलत नाही, तुमचे डोळे हलतात. जन्मतःच पातळ असणार, एखाद्या दणक्याने गेलं असेल. भोक बुजवता येतं. ऐकू येणं थोडं जाईल. कदाचित त्या कानाचं सगळंच."

"कान गेला तरी चालेल," वारसितो म्हणाला. गोंग लावणारा माणूस हे म्हणाला. आणि तिथे खुर्चीत बसून ढसाढसा रडला. किती महिने तो स्वतःला वेडा समजत होता.

"आणि ते सर्र?" मी विचारलं.

"ती त्यांच्याच डोळ्यांची हालचाल. बुबुळं फिरतात तेव्हा आवाज होतो. आपल्याला ऐकू येत नाही, त्यांना येतं. तो कान आता बाहेरचं कमी ऐकतो. फक्त शरीराच्या आत जे आहे ते ऐकतो."

वारसितोने डोळे पुसले. "म्हणजे डोळे हलवले नाहीत तर आवाज थांबेल."

"थांबायलाच हवा."



बसमध्ये तो खिडकीच्या गजाकडे एकटक बघत बसला. बांबूच्या बनापाशी आलो तेव्हा म्हणाला, "कांग, आज रात्री माझ्याकडे झोपायला ये. आणि विजेरी आण."

"का?"

"माझ्या डोळ्यांकडे बघायला."

...कॉफी निवली काय रे? असू दे.

मी गेलो. सुमिराह मुलीकडे निजली होती. त्याने दार लावलं, पाठीवर आडवा झाला. म्हणाला, "मी छताच्या खिळ्याकडे बघतो. डोळे जराही हलवणार नाही. तू उजेड धर. मला सर्र ऐकू आलं की मी बोट हलवीन. ज्या बाजूला आवाज जाईल त्या बाजूला."

मी विजेरी धरली. त्याचे डोळे खिळ्यावर. स्थिर. पाणी भरून आलं, तरी स्थिर.

बाहेर बेडूक ओरडत होते. मग थांबले.

त्याचं बोट उचललं गेलं.

डावीकडे गेलं. सावकाश. थांबलं.

उजवीकडे.

डावीकडे.

मी त्याच्या बुबुळांकडे बघत होतो. ती हलत नव्हती. केसभरही नाही. आणि बोट चाललं होतं... इकडून तिकडे. तिकडून इकडे. न थांबता. एका लयीत.

आणि मला ती लय ओळखीची वाटली.

म्हटलं होतं ना, आम्ही पोरं क्याई सोमोंकडे का बघायचो? जन्मांध होते. त्यांचे डोळे कधी ठरायचे नाहीत. उघडेच असायचे, पांढुरके, आणि फिरत असायचे. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. सावकाश. जेवताना, बोलताना, वाजवताना. रात्रभर. जे कधी दिसलंच नाही ते शोधत असल्यासारखे.

मी विजेरी विझवली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"वारसितो. गोंग आणलास तेव्हा तू काय म्हणालास?"

"जे म्हणतात ते. मोंग्गो, क्याई. चला आमच्या घरी."

"कुणाला?"

"क्याईंना."

"कुठल्या?"

...

अंधारात त्याचा श्वास ऐकू येत होता. नंतर तोही येईना.

"कांग," तो म्हणाला, अगदी हळू. "ती बाई म्हणाली... तो कान फक्त आतलं ऐकतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पो केला. गोंग घेतला, फुलं घेतली, चाळिसाव्याचा राहिलेला भात सुमिराहने स्वतः रांधून दिला. सरळ हिशेब होता. ज्या घरातून बोलावलं त्या घरी पोचवायचं.

घर नव्हतं.

सुनेने घरही विकलं होतं. सागाचं जुनं घर. खांब, तुळया, छप्पर, सगळं सुटं करून बालीला गेलं. तिथल्या कुठल्या हॉटेलात उभं केलंय म्हणे. आता त्यात गोरे लोक पाय पसरून फळांचा रस पितात. इथे उरली होती नुसती जोत्याची फरशी. तिच्यावर कुणाची तरी मिरची वाळत होती.

वारसितो मागची खोली होती तिथे जाऊन उभा राहिला. अंदाजानेच. मिरच्या बाजूला सारल्या, भात ठेवला, गोंग ठेवला. मान लववली. "मोंग्गो, क्याई," तो म्हणाला. "घर आलं. उतरा."

डोळे मिटून उभा राहिला.

बोट हललं नाही. मी मोजलं नाही, पण बराच वेळ हललं नाही. मला वाटलं, सुटला. तो हसायला लागला होता.

मग बोट उचललं. डावीकडे गेलं. उजवीकडे. आणि आता ते सावकाश नव्हतं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे... आंधळा माणूस हाताने भिंत चाचपतो, तसं. भिंतच सापडत नसली की चाचपतो, तसं.

"कांग, हे घर शोधतायत," वारसितो म्हणाला. "...यांना कुठे सोडू?"

मिरचीवाली बाई लांबून शिव्या देत येत होती. आम्ही गोंग उचलला आणि परत आलो.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. पोरगी हुशार, भोक व्यवस्थित बुजवलं. कानही पुष्कळसा वाचला. पट्टी निघाली, वारसितो उठून उभा राहिला, भिंतीपर्यंत चालला, परत आला. भिंत जागेवर होती. मुलीने नात त्याच्या हातात दिली. तिला घेऊन तो त्या लांब बोळातून चालत राहिला, या टोकाहून त्या टोकाला, तिच्या तोंडाकडे बघत. ते जराही हललं नाही. म्हणाला, "खरंच माझ्यावर गेलीय बिचारी."

घोट्याला चिमटा लावला. काही ऐकू आलं नाही. रात्री सर्र नाही. काही नाही. तो बरा झाला. आज तो गोंग वाजवतो, मोटरसायकल चालवतो, तुझ्या टपरीवर दोन वाट्या भात जेवतो.

"मग संपली?" तेगुह म्हणतो. त्याला जरा हायसं वाटलेलं दिसतंय. "डॉक्टरने भूत काढलं म्हणायचं."

डॉक्टरने भोक बुजवलं, बाळा. भोकातून तो ऐकत होता. आता तो ऐकत नाही. एवढंच झालं.

मागच्या पावसाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. तो आतल्या खाटेवर आडवा होता. मी पाहिलं, खाटेवर दोन उशा. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मी सुमिराहला म्हणालो, "काय गं, म्हातारपणी भांडलात काय? नवऱ्याच्या पायांशी निजतेस?"

ती हसली नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं. मग स्वतःच्या कानाकडे दाखवलं. मग त्याच्या डोक्याकडे.

मी वाकलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, उजवा कान वर. मी माझा कान त्याच्या कानाला लावला. अगदी टेकवला.

काही नाही.

काही नाही...

सर्र.

...

सर्र.

मी तसाच डोकं वळवून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, झोपेत फिरत असतील डोळे. सगळ्यांचे फिरतात.

तो जागा होता. डोळे उघडे. माझ्याकडेच बघत होता. एकटक. स्थिर.

"काय ऐकतोस, कांग?" त्याने विचारलं.

सर्र.

"काही नाही," मी म्हणालो.

...

बस. एवढंच. तेगुह, ते तेंपे खाणार नसलास तर...

श्श. कोण येतंय? विजेरी नाही, काही नाही. या अंधारात चिखल चुकवत सरळ चालत येतोय.

"मोंग्गो, कांग. मोंग्गो, पोरांनो."

...

काय रे? वारसितोच तर आहे. गेलाही पुढे. रस्त्याने जाणारा मोंग्गो म्हणाला, की बसलेल्यांनी उलट मोंग्गो म्हणायचं असतं. आईबापांनी शिकवलं नाही? म्हणा.

...

गिलांग?

...

बरं. मीही नाही म्हणालो.